अपघातातून वाचले, पण पूर्वीचे राहिले नाहीत

प्रश्न : माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून त्यांच्या डोक्याला जबर मार बसला. कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर, मेंदूत थोडा रक्तस्राव, दहा-बारा दिवस आयसीयू. ऑपरेशन लागलं नाही. सहा महिन्यांनी कामावर जाऊ लागले तेव्हा वाटलं, सुटलो. पण त्यानंतर माणूसच बदलला. सकाळी उठतात तेच दमलेले. कामावरून आले की पडून राहतात. पोट सुटलंय, दंड बारीक झालेत. दाढी पूर्वी रोज करावी लागायची, आता चार दिवसांनी केली तरी चालते. सतत थंडी वाजते. सांगितलेलं विसरतात. आमच्यात नवरा-बायकोचं म्हणावं असं काही उरलेलं नाही. सासूबाई म्हणतात, आजारपणात लाड झाले, आता आळस अंगात मुरलाय. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनची गोळी दिली. रडू यायचं ते थांबलं, थकवा तसाच. फिट येऊ नये म्हणून एक गोळी अपघातापासून चालू आहे.

थायरॉइड तपासला. टीएसएच नॉर्मल, फ्री टी-४ कमी. एका डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी लिहून दिली आहे, अजून सुरू केलेली नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, डोक्याच्या मारानंतर हार्मोन्स कमी होऊ शकतात, पिट्युटरी तपासून घ्या. त्यांनीच अशा रुग्णांच्या रजिस्ट्रीचा, म्हणजे नोंदवहीचा, फॉर्म हातात ठेवला. दीर म्हणतात सही करू नका, प्रयोग करतील, ऑफिसात कळलं तर नोकरीवर येईल. काय करू?

ता. क. मागच्या वर्षी साध्या जुलाब-उलट्यांत हे एकदम गळून पडले होते. बीपी खूप खाली, रक्तातलं सोडियम कमी. सलाइन लावल्यावर दोन दिवसांत उठले. त्याचा इथे संबंध नसेल, पण लिहून ठेवते.

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात टाकली आहे. संबंध नसेल असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते दाट संबंध असू शकतो, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याबद्दल.

साध्या पोटाच्या आजारात धडधाकट वयाचा माणूस बीपी पडून आडवा होतो, सोडियम उतरतं, तेव्हा शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन पुरेसं आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा. ताप, उलट्या, मार, ऑपरेशन अशा कुठल्याही ताणात शरीर एरवीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल तयार करतं आणि त्याच्या जोरावर रक्तदाब टिकून राहतो. ते तयार करण्याचा हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. तो हुकूम कमी पडत असेल तर रोजच्या दिवसात माणूस नुसता दमलेला दिसतो आणि आजारपणात कोसळतो. जुलाबामुळे पाणी कमी झालं, एवढंच कारणही असू शकेल. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे.

म्हणून दोन गोष्टी याच आठवड्यात करा. सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त देऊन कॉर्टिसॉल तपासा. आणि त्याचा निकाल हार्मोनतज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, पाहीपर्यंत ती थायरॉइडची गोळी सुरू करू नका. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली, तर शरीराचा वेग वाढतो, असलेलं कॉर्टिसॉलही लवकर खर्ची पडतं आणि माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. क्रम ठरलेला आहे: आधी कॉर्टिसॉलची बाजू सावरायची, मग थायरॉइड. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांसमोर फक्त थायरॉइडचा कागद असावा. अपघात आणि ते जुलाबाचं आजारपण त्यांना कुणी सांगितलं होतं का, ते तुम्हालाच माहीत. आता सांगा.

मधल्या काळात उलट्या थांबेनात, घेरी येऊ लागली, ते असंबद्ध बोलू लागले किंवा झोपेतून नीट जागे होईनात, तर घरी वाट पाहू नका. इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा, ‘डोक्याला मोठी इजा झालेली आहे, कॉर्टिसॉल कमी असल्याची शंका आहे.’ अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या औषधाचं, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन जीव वाचवतं आणि ते देण्यासाठी रिपोर्टची वाट पाहायची नसते.

आता हे होतं कसं ते सांगते. सासूबाईंना समजावताना तुम्हाला उपयोगी पडेल.

पिट्युटरी ग्रंथी वाटाण्याएवढी असते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. मेंदूच्या खाली, कवटीच्या तळातल्या हाडाच्या एका छोट्या खोबणीत ती बसलेली असते आणि एका नाजूक देठाने मेंदूच्या हायपोथॅलॅमस या वरच्या भागाला जोडलेली असते. डोकं जोरात आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हलतो, ग्रंथी मात्र हाडाच्या खोबणीत घट्ट असते. ताण सगळा त्या देठावर येतो. आणि ग्रंथीच्या पुढच्या भागाला रक्त पोचवणाऱ्या बारीक लांब रक्तवाहिन्या त्याच देठावरून खाली उतरतात. त्या ताणल्या, फाटल्या किंवा सुजेने दाबल्या गेल्या की खालच्या पेशी रक्तावाचून मरतात. भर म्हणून आयसीयूतल्या दिवसांत बीपी खाली गेलं, ऑक्सिजन कमी पडला, मेंदूवरचा दाब वाढला, तर तोही घाव याच जागी बसतो. तुमच्या मिस्टरांचं फ्रॅक्चर कवटीच्या तळाशीच होतं, हे लक्षात घ्या.

कुठलं हार्मोन आधी कमी होतं, यामागेही हीच रचना असावी असं मानलं जातं. ग्रोथ हार्मोन करणाऱ्या पेशी ग्रंथीच्या दोन्ही कडांना असतात आणि त्या भागाची भिस्त बरीचशी या लांब वाहिन्यांवर असते. म्हणून बहुतेक अभ्यासांत ग्रोथ हार्मोनची कमतरता सगळ्यात जास्त आढळते आणि खालोखाल लैंगिक हार्मोन्सची. कॉर्टिसॉल आणि थायरॉइडला हुकूम देणाऱ्या पेशी मध्याकडे, जरा सुरक्षित जागी असतात. त्यांचं बिघडणं कमी वेळा दिसतं, पण बिघडलं तर जास्त महागात पडतं. ग्रंथीच्या मागच्या भागाला मार बसला तर भरमसाट लघवी आणि न भागणारी तहान लागते. हे सहसा पहिल्या काही दिवसांतच दिसतं आणि बहुतेकांत ओसरतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा ते सोडून देते.

आता तुम्ही लिहिलेली लक्षणं याच्याशेजारी ठेवून बघा. दाढी कमी वाढणं, दंड बारीक होणं, शरीरसंबंधाची इच्छा जाणं हे टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचं चित्र आहे. पोटावर चरबी, अंगात जोर नसणं, कशातच उत्साह नसणं हे ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेत दिसतं. थंडी वाजणं आणि मंदपणा थायरॉइडचा. सकाळीच दमलेलं असणं यातल्या कशानेही होतं. आणि खरं सांगायचं तर मेंदूच्या इजेनेच, हार्मोन अगदी ठीक असतानाही, थकवा आणि विसराळूपणा येतो, झोप बिघडूनही येतो, डिप्रेशननेही येतो. लक्षणं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की नुसत्या बोलण्यावरून कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. दाढीची गोष्ट मात्र मला बोलकी वाटते. डिप्रेशनने माणूस दाढी करायचा कंटाळा करेल, पण दाढी उगवायची कमी होणार नाही. तुम्ही हे टिपलंत ते फार चांगलं केलंत. डॉक्टरांना नक्की सांगा, पुरुष स्वतःहून हे सांगत नाहीत.

थायरॉइडच्या रिपोर्टवर थोडं थांबते, कारण इथे दोन वाटा फुटतात. थायरॉइड ग्रंथीचाच आजार असता तर फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, उतरल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन, वाढलं असतं. ते नॉर्मल आहे, म्हणजे पिट्युटरी जागी होऊन हुकूम पाठवत नाही अशी शंका येते. नुसतं टीएसएच पाहून ‘थायरॉइड नॉर्मल’ म्हणणं अशा रुग्णांत चुकतं ते यामुळेच. पण तुमच्या मिस्टरांना फिटची गोळी चालू आहे, आणि तिचं नाव तुम्ही दिलेलं नाही. ती फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन असेल, तर त्या औषधांमुळेही फ्री टी-४ चा आकडा कमी येतो आणि टीएसएच नॉर्मल राहतं. लेव्हेटिरासिटॅम असेल तर हा मुद्दा येत नाही. तेव्हा त्या एका कागदावर निदान ठरवू नका. पण म्हणून फिटची गोळी मनाने बंदही करू नका, आणि डिप्रेशनचीही.

तपासणीला जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, त्वचेला लावायचं मलम यांतलं स्टेरॉइडही कॉर्टिसॉलचा आकडा खाली आणतं. जास्त दिवस घेतलेल्या काही कडक वेदनाशामकांनी कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही उतरतात. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर त्यांनी कित्येक हार्मोन चाचण्यांचे आकडे चुकतात, आधी काही दिवस त्या थांबवाव्या लागतात.

सकाळचं कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता जवळजवळ नक्की धरतात, १५ च्या वर असेल तर बहुतेक निर्धास्त राहता येतं. मधे कुठेतरी आलं, आणि पुष्कळदा तसंच येतं, तर इंजेक्शन देऊन ग्रंथी किती प्रतिसाद देते ते पाहणारी चाचणी करतात. त्यासोबत टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. जोडीला एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची हार्मोन्स, सोडियम, फ्री टी-४ आणि ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारं आयजीएफ-१. हा शेवटचा आकडा नॉर्मल आला तरी ग्रोथ हार्मोनची कमतरता नाही असं ठरत नाही, त्याची वेगळी उद्दीपन चाचणी असते. इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम खाली आणायची चाचणी त्यासाठी जुनी आणि विश्वासाची आहे, पण ज्यांना फिट येऊ शकते त्यांच्यात ती करत नाहीत. तुमच्या मिस्टरांना फिटची गोळी चालू आहे हे त्या आधी स्पष्ट सांगा. इतर चाचण्या उपलब्ध आहेत. एमआरआयत पिट्युटरी ठाकठीक दिसली म्हणून हार्मोन ठीक, असंही समजू नका. चित्रात काही न दिसता काम बिघडलेलं असू शकतं.

अपघाताला दोन वर्षं झाली, हे तपासणीच्या दृष्टीने चांगलं आहे. पहिल्या वर्षात आकडे हलत राहतात. काहींचं बिघडलेलं आपोआप सुधारतं, काहींचं आधी ठीक असलेलं नंतर उतरतं. ग्रोथ हार्मोनची तपासणी तर वर्षभर थांबूनच करावी असा संकेत आहे. आता जे येईल ते बहुधा टिकणारं असेल.

कमतरता निघाली तर उपचार आहेत. कॉर्टिसॉलसाठी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, दिवसभरात विभागून, पहिली उठल्याउठल्या. स्टेरॉइड हा शब्द ऐकून घाबरू नका. शरीरात जे असायला हवं तेवढंच यात भरून काढायचं असतं. मात्र ताप आला की डोस दुप्पट करायचा, उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन घ्यायचं, आणि खिशात तसं लिहिलेलं कार्ड कायम ठेवायचं. हे नियम तुम्ही स्वतः शिकून घ्या. ते आजारी असतील तेव्हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा असेल. टेस्टोस्टेरॉन देण्याआधी एक प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा: तुम्हाला अजून मूल हवं आहे का? बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतू कमी होतात, मूल हवं असेल तर वेगळी इंजेक्शनं द्यावी लागतात. ग्रोथ हार्मोनचा विचार सगळ्यात शेवटी, बाकीची हार्मोन्स सावरल्यावर.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. हार्मोन भरून काढले तर जोर येईल, इच्छा परत येऊ शकेल, आजारपणातला धोका टळेल. पण मेंदूच्या पेशींना जी इजा झाली ती या गोळ्यांनी भरून येणार नाही. विसराळूपणा थोडाफार राहू शकतो. ‘सगळं पूर्वीसारखं होईल’ असं कुणी सांगितलं तर त्यावर घर बांधू नका.

आता रजिस्ट्री. दीरांची भीती मी खोडून काढणार नाही, कारण सही करण्याआधी विचारणं हे बरोबरच आहे. पण ते ज्याला घाबरतायत ते रजिस्ट्रीत होत नाही. औषधाचा प्रयोग, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, यात कुणाला कुठलं औषध द्यायचं हे अभ्यासच ठरवतो. रजिस्ट्रीत उपचार तुमचे डॉक्टर तुमच्या गरजेप्रमाणे ठरवतात. जे घडलं त्याची नोंद फक्त ठरावीक पद्धतीने ठेवली जाते: मार कसा होता, चाचण्या कधी झाल्या, काय निघालं, काय दिलं, वर्षाने माणूस कसा आहे. सही केली म्हणून एक गोळी बदलत नाही. नाही केली म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

याचा उपयोग काय, हे मला तुमच्याच गोष्टीवरून सांगावंसं वाटतं. तुमच्या मिस्टरांची अपघाताची फाइल डिस्चार्जच्या दिवशी बंद झाली. त्यावर ‘प्रकृतीत सुधारणा’ असंच लिहिलेलं असणार. मग डिप्रेशनची फाइल वेगळ्या डॉक्टरांकडे उघडली, जुलाबाची वेगळ्या दवाखान्यात, थायरॉइडची आणखी तिसरीकडे. चार ठिकाणी चार कागद, आणि ते एकत्र वाचणारं कुणी नाही. प्रत्येकाने आपलं काम ठीक केलं असेल, तरी दोन वर्षं गेली. रजिस्ट्रीचं काम हे कागद एका जागी आणायचं आहे, आणि एका माणसाचे नाही, हजारोंचे. डोक्याच्या मारामुळे पिट्युटरी बिघडते हे वैद्यकाला १९१८ पासून ठाऊक आहे, त्या वर्षी जर्मनीत कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरनंतरच्या अशा एका रुग्णाची नोंद छापून आली होती. तरीही पुढे कित्येक दशकं हे फार दुर्मीळ मानलं गेलं, कारण पद्धतशीर शोधायला कुणी गेलंच नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत शोध सुरू झाला, आणि २००७ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मेंदूला मार बसलेल्या सुमारे १,००० रुग्णांपैकी २७ टक्क्यांच्या आसपास लोकांत काही महिन्यांनंतर कुठल्या ना कुठल्या पिट्युटरी हार्मोनची कमतरता दिसली.

हा आकडा मी दिला, पण तो जसाच्या तसा घेऊ नका. याच विषयावरच्या वेगवेगळ्या अभ्यासांत प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत आलेलं आहे. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ग्रोथ हार्मोनची कमतरता किती जणांत निघते हे कुठली चाचणी वापरली यावर फार अवलंबून आहे, आणि दुसऱ्या चाचणीने खातरी करायचं ठरवलं की ते प्रमाण झपाट्याने खाली येतं. म्हणजे काही जणांना नसलेला आजार चिकटवला जात असणार, आणि दुसरीकडे तुमच्या मिस्टरांसारखे लोक तपासलेच जात नसणार. दोन्ही चुका एकाच वेळी होत आहेत. कुणाला तपासायचं, कधी, कुठल्या चाचणीने, हे ठरवायला सारख्या पद्धतीने ठेवलेल्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या नोंदीच लागतात. एका हॉस्पिटलकडे असे रुग्ण पुरेसे नसतात.

अशा नोंदींतून काय हाती लागतं याची दोन उदाहरणं. अमेरिकेत १९८७ पासून मेंदूच्या इजेच्या रुग्णांची एक मोठी नोंद चालू आहे. पुनर्वसन केंद्रात राहून उपचार घेतलेल्यांशी पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या वर्षी, आणि मग दर पाच वर्षांनी संपर्क साधतात. त्यातून कळलं की पाच वर्षांनी यातले सुमारे ३० टक्के लोक आधीपेक्षा खालावलेले असतात. घरी गेलेला रुग्ण बरा झाला असं धरून चालणाऱ्यांना हे पाठपुराव्याशिवाय कधीच दिसलं नसतं. दुसरं उदाहरण किम्स नावाच्या नोंदीचं. ग्रोथ हार्मोनची कमतरता असलेल्या आणि उपचार घेणाऱ्या प्रौढांची ही नोंद १९९४ ते २०१२ चालली, ३१ देशांतले १५,००० हून अधिक लोक तिच्यात होते. डोक्याच्या मारामुळे कमतरता आलेल्यांना त्यात वेगळं काढून पिट्युटरीच्या गाठीमुळे कमतरता आलेल्यांशी ताडून पाहता आलं, आणि वर्षभराच्या उपचारानंतर त्यांचंही जगणं सुधारल्याचं दिसलं. ग्रोथ हार्मोनने कॅन्सर वाढेल का, ही सगळ्यांच्या मनातली धास्ती. इतकी माणसं इतकी वर्षं पाहिल्यावर नव्या कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वाढलेलं आढळलं नाही. शंभर रुग्णांच्या अभ्यासातून हे उत्तर कधीच मिळालं नसतं. किम्स औषध बनवणाऱ्या फायझर कंपनीने चालवली होती, हेही सांगायला हवं. त्याने माहिती खोटी ठरत नाही, पण खर्च कोण करतं हे विचारणं रास्त ठरतं.

तर दीरांना सोबत घेऊन जा आणि समोर बसून विचारा. नोंद कोण ठेवतं, पैसा कुणाचा, नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का. नाव काढून त्याजागी सांकेतिक क्रमांक देतात का, आणि नाव व क्रमांकाची जोडी कुणाच्या ताब्यात असते. विमा कंपनीला किंवा नोकरीच्या ठिकाणी माहिती जाणार नाही असं फॉर्मवर लिहिलेलं आहे का. नुसतं तोंडी आश्वासन पुरत नाही. रक्ताचे नमुने साठवणार का, त्यावर जनुकीय तपासणी करणार का, त्यासाठी वेगळी संमती घेणार का. पुढे मन बदललं तर बाहेर पडता येतं का, आणि आधी दिलेल्या माहितीचं काय होतं. या प्रश्नांना कपाळाला आठी घातली तर सही करू नका. नीट उत्तरं मिळाली तर करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र सही तुमच्या मिस्टरांची हवी. फॉर्म वाचून, समजून घेऊन ठरवण्याइतके ते भानावर आहेत, कामावर जातात. विसरतात म्हणून त्यांच्या वतीने आपण ठरवू, असं करू नका. जेव्हा जरा ताजेतवाने असतील तेव्हा, एका बैठकीत अर्धाच फॉर्म वाचा हवं तर. घाई कुणालाच नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण उद्या मनात येईल: सगळ्या चाचण्या नॉर्मल आल्या तर रजिस्ट्रीला ह्यांचा काय उपयोग? तितकाच. फक्त कमतरता निघालेल्यांच्याच नोंदी ठेवल्या तर प्रमाण उगाच मोठं दिसतं. मार लागला, तपासलं आणि काही निघालं नाही, अशी माणसं वहीत असतील तरच खरा आकडा कळतो. ही नोंद अशा लोकांनाही घेते का, तेही विचारून घ्या. आणि एकदा नाव घातलंत तर वर्षाने येणाऱ्या फोनला उत्तर द्या, तेव्हा ते बरे असले तरीही. बरे झालेले लोक फोन उचलत नाहीत आणि फार खालावलेल्यांपर्यंत फोन पोचत नाही, त्यामुळे चांगल्या नोंदवह्यांनाही मोठी भगदाडं पडतात. घर बदललं तर नवा नंबर कळवा.

सासूबाईंबद्दल एवढंच: तपासणीच्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या, जमलं तर. मुलाला आळशी म्हणणाऱ्या आईच्या बोलण्यात पुष्कळदा भीतीच असते, आणि तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना लवकर पटेल. निकाल काहीही येवो, तोवर घरात आळस हा शब्द बंद ठेवा. ज्याला उठायलाच बळ नाही त्याला तो फार लागतो, आणि मग तो दमलोय हे सांगायचंही सोडून देतो.

मागच्या वर्षीच्या त्या आजारपणाचे कागद शोधून ठेवा. सोडियमचा आकडा आणि बीपीची नोंद त्यात असेल, एंडोक्रायनॉलॉजिस्टना ती हवी असेल. कॉर्टिसॉलचा निकाल आला की फिटच्या गोळीच्या नावासकट मला कळवा. पण त्या उत्तरासाठी माझ्या सदराची वाट पाहू नका, अपॉइंटमेंट आजच घ्या.